२४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला साडेपाच फुटी ड्रम मोवर पेलेल का?

प्रश्न थोडक्यात असा. शाहूवाडीच्या बाजूला १२ जनावरं, घरचा २४ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर. माळावर ६ एकर गवत आणि विहिरीखाली २ एकरांत लसूण घास व हत्ती गवत. विक्रेता १.६५ मीटर रुंदीचा दोन ड्रमचा मोवर, म्हणजे फिरत्या ड्रमांवरच्या पात्यांनी गवत कापणारं यंत्र, दाखवतोय. त्याचं म्हणणं, मोवर ३८० किलोचा आणि ट्रॅक्टरची लिफ्ट ७५० किलोची, तेव्हा आरामात चालेल. घ्यावा का?

घेऊ नका. एचपी कमी पडेल हे कारण आहेच, पण ते दुसरं. पहिलं कारण वजनाचं आहे, आणि मोवर घेताना नेमकं तेच कोणी मोजत नाही.

लिफ्टने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला पेललं असं होत नाही. ७५० किलो हा आकडा हायड्रॉलिकची ताकद सांगतो. मागे वजन टांगल्यावर पुढची चाकं जमिनीवर किती टेकतील, हे त्यातून कळत नाही. पहारीने दगड उचलताना जो टेकू लावतो, ते काम इथे ट्रॅक्टरची मागची चाकं करतात. मागे मोवर लटकला की पुढचा एक्सल तेवढ्या हिशोबाने हलका होतो.

आकडे घालून बघू. तुमचा ट्रॅक्टर चालकासकट ८५० किलो धरा, त्यातलं साधारण ४० टक्के, म्हणजे ३४० किलो, पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर १.४५ मीटर. वाहतुकीसाठी मागे वळवून उचललेल्या मोवरचा भार मागच्या एक्सलपासून साधारण १.२ मीटर मागे येतो. आता ३८० गुणिले १.२ भागिले १.४५, म्हणजे ३१४ किलो. इतका भार पुढच्या चाकांवरून उठला. ३४० मधून ३१४ गेले, राहिले २६ किलो. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढ्या वजनावर तुम्ही स्टिअरिंग फिरवणार. बांध ओलांडताना किंवा चढावर क्लच सोडताना हे २६ किलोही राहत नाहीत आणि नाक वर येतं.

सुरक्षित चालवायचं तर ट्रॅक्टर आणि अवजार मिळून जे वजन होईल, त्याच्या किमान २० टक्के पुढच्या एक्सलवर हवं. इथे ते २ टक्के आहे. पुढे १०० किलोची वजनं बसवली, तरी ती एक्सलच्या जेमतेम ६० सेंटिमीटर पुढे येतात. त्यांच्यामुळे पुढच्या चाकांवर १४० किलोच्या आसपास भार वाढतो आणि टक्केवारी १२-१३ वर पोचते. त्याहून जास्त वजन लावलं तर पुढच्या एक्सलचे बेअरिंग आणि सील लवकर जातात.

हाच मोवर ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला लावून बघा. वजन १,९५० किलो, पुढे ७८० किलो, एक्सलमधलं अंतर १.९ मीटर. मोवरचा भार १.३ मीटर मागे धरला तर २६० किलो उठतात, ५२० राहतात. एकूण २,३३० किलोच्या ते २२ टक्के होतात, म्हणजे वेगळी वजनं न लावताही काम भागतं. ही आकडेमोड कुठलाही मागचा अवजार घेण्याआधी करा. त्यासाठी लागणारे आकडे तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि मोवरच्या पत्रकात असतात.

आता एचपीकडे येऊ. बॉनेटवरचे २४ एचपी इंजिनचे असतात. मोवर चालतो पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर, आणि तिथे इंजिनच्या साधारण ८५ टक्के ताकद पोचते. म्हणजे २० च्या आसपास. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्राच्या अहवालात मिळतो, विक्रेत्याकडे तो मागा. त्यातून उंचीची वजावट करायची. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटर उंचीला साधारण १ टक्का ताकद गमावतं. कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, पन्हाळा-शाहूवाडीचे माळ त्याहून उंच. ५-६ टक्के इथेच गेले. हातात राहिले १९.

मोवरला किती लागतात ते त्याच्या जातीवर ठरतं. शेतीयंत्रांच्या अभियांत्रिकी मानकात सरासरी गरज दर मीटर रुंदीला अशी धरतात : कात्रीसारखा चालणारा कटर बार १.२ किलोवॅट, डिस्कचा किंवा ड्रमचा मोवर ५, आणि गवत झोडून कापणारा फ्लेल १०. एचपीत सांगायचं तर मीटरमागे दीड, पावणेसात आणि साडेतेरा. कटर बार पात्याच्या दोन धारांत काडी धरून कापतो, म्हणून त्याला ताकद कमी लागते. ड्रममधलं पातं नुसत्या वेगाने काडी तोडतं. काडीला मागून आधार नसतो, म्हणून पात्याला सेकंदाला ७०-८० मीटरचा वेग द्यावा लागतो. सगळा खर्च त्या वेगाचा.

हे सरासरीचे आकडे झाले. दाट पीक आणि धार गेलेली पाती असली की ४० टक्के वाढवून धरा. १.६५ मीटरच्या ड्रमला मग साधारण १५ एचपी नुसत्या कापणीला लागतात. ४५ एचपीचा ट्रॅक्टर मोवरसकट मऊ रानातून ताशी ६ किलोमीटरने ओढायला ४ एचपी, आणि दहा फुटाला एक फूट चढ असेल तर आणखी ५. चाकांपर्यंत जाताना होणारी गळती धरून हे ९ चे ११ होतात. एकूण २६ झाले. त्यावर राखीव हवीच, कारण गवत कुठे गुडघाभर तर कुठे कंबरभर असतं. २६ ही उपलब्ध ताकदीची तीन चतुर्थांश धरली तर पीटीओवर ३५ एचपी हवेत, म्हणजे इंजिन ४०-४५ चं. सपाट रानात हाच हिशोब पीटीओच्या २७ एचपीवर येतो आणि ३५ चा ट्रॅक्टर चालून जातो. तुमच्याकडे १९ आहेत.

तरीही काही जण मिनीवर हा मोवर चालवतात, आणि विक्रेता त्याचीच साक्ष काढतो. हलक्या गवतात, सपाटीवर, पहिल्या लो गिअरात तो फिरतो हे खरं आहे. पण काय प्रतीचं कापतो ते कापल्यानंतर खाली वाकून बघा. मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ड्रमच्या पात्याचं टोक सेकंदाला ७८ मीटर जातं. दाट पट्ट्यात इंजिन दबलं आणि पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवरून ४५० वर आला की तोच वेग ६५ वर घसरतो. मग काडी तुटायच्या आधी वाकते. खुंट बोटात धरून पाहा : नीट कापलेला असेल तर टोक सपाट आणि हिरवं दिसतं, दबलेल्या मोवरखालचा असेल तर चिरफळलेला, दोऱ्यासारखे तंतू लोंबणारा. असला खुंट दोन दिवसांत वरून तपकिरी पडतो आणि लसूण घासाचा पुढचा फुटवा उशिरा येतो. दर कापणीला असे काही दिवस गेले की वर्षाला एखादी कापणीच कमी मिळते.

क्लचही बघायला हवा. बऱ्याच मिनी आणि जुन्या ट्रॅक्टरांना सिंगल क्लच असतो. दाट पट्टा आला म्हणून क्लच दाबला की पीटीओही सुटतो, ड्रम मंदावतो आणि गवत त्याच्याभोवती गुंडाळतं. याची उलटी बाजू जास्त धोक्याची. फिरते जड ड्रम क्लच दाबल्यावर पीटीओमधून गिअरबॉक्सला उलट ढकलतात आणि ट्रॅक्टर थांबायचा सोडून हातभर पुढे सरकतो. सिंगल क्लचवर ड्रम मोवर लावायचाच असेल तर शाफ्टला एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग कपलिंग बसवल्याशिवाय लावू नका. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर गिअर बदलताना ड्रम फिरता राहतो. तुमचा कोणता ते पुस्तिकेत पाहून घ्या. काही मिनी ट्रॅक्टरांना ५४० शिवाय ७५० चाही पीटीओ असतो. ५४० साठी बनवलेला मोवर ७५० वर कधीही फिरवायचा नाही. पात्याचं टोक सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातं, आणि एखादं पातं सुटलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखंच जातं.

मग घ्यायचं काय? माळाच्या आणि लसूण घासाच्या कापणीला पाच फुटी, म्हणजे दीड मीटरचा कटर बार. कापणीला दाट पिकातही साडेतीन एचपीच्या आत भागतं, वजन २०० किलोच्या आसपास राहतं. पुढच्या चाकांचा वरचाच हिशोब लावला तर २०० किलोला पुढून १६५ उठतात आणि १७५ राहतात, म्हणजे १७ टक्के. पुढे ५०-६० किलोची वजनं लावली की २० चा आकडा पार होतो. ताशी ५ किलोमीटरने आणि वळण-थांब्यांचे ४० टक्के वजा करून तासाला एक एकर सहज कापून होतो. ६ एकर माळ एका दिवसाचं काम आहे.

१.३५ मीटरचा लहान ड्रम मोवरही बाजारात असतो, ३०० किलोच्या आसपासचा. पुढे १०० किलो लावूनही वरच्या हिशोबाने तो १८-१९ टक्क्यांपर्यंतच पोचतो. हलक्या गवताला तुमच्या १९ एचपीत चालेलही, पण दाट घास आणि चढ एकत्र आले की पीटीओवर २३-२४ लागतात. दोन्ही हिशोब काठावर असलेलं यंत्र तुमच्यासारख्या उंच-सखल रानात घ्यावं असं वाटत नाही.

कटर बारचे दोन दोष मात्र आधीच सांगतो. एक, परतीच्या पावसाने लोळलेल्या गवतात तो तुंबतो. गवत ज्या बाजूला पडलंय त्याच्या विरुद्ध दिशेने किंवा तिरकं शिरावं लागतं आणि परतताना रिकामं यावं लागतं. दोन, दगड. माळ कापायच्या आधी एक फेरी पायी मारा. सुटे दगड वेचा, रुतलेले दगड आणि वारुळं यांच्याजवळ उंच काठी रोवा. काठीभोवतीचं हाताने विळ्याने घ्यायचं. बार जमिनीपासून ७-८ सेंटिमीटर ठेवला तर पाती टिकतात आणि गवताचा बुडखाही नीट फुटतो.

जुळणीत लोक जिथे चुकतात ते आता जरा खोलात. बारचं बाहेरचं टोक ट्रॅक्टरला लंब ठेवायचं नाही, किंचित पुढे हवं. दर मीटरला साधारण २ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दीड मीटरच्या बारला ३. चालताना गवताच्या जोराने टोक मागे रेटलं जातं आणि मग बार सरळ होतो. हे पुढे ठेवलं नसेल तर पात्यांची पट्टी वाकडी धावते, तिच्या मुळाशी उष्णता धरते आणि तिथेच तुटते.

त्यानंतर पात्यांचा मेळ. क्रँक हाताने फिरवून पट्टी एका टोकाला न्या. प्रत्येक त्रिकोणी पात्याचा मध्य बोटाच्या, म्हणजे गार्डच्या, मध्याशी यायला हवा. दुसऱ्या टोकालाही तसंच. एका टोकाला जुळलं आणि दुसऱ्याला चार-पाच मिलिमीटर कमी पडलं तर पट्टी मागे-पुढे हलवणाऱ्या पिटमन दांड्याची लांबी बदलून दोन्हीकडे सारखं करा. हे जुळत नसेल तर पाती कितीही धारदार असोत, एकाआड एक दातातलं गवत कापायचं राहतं आणि गवतात कंगवा फिरवल्यासारख्या उभ्या रेघा दिसतात.

वरून दाबणाऱ्या क्लिपा पात्याला टेकून हव्यात, पण पट्टी हाताने सरकली पाहिजे. क्लिप आणि पातं यांच्यात जाड कागद सरकेल एवढीच फट. फट वाढली की काडी दोन धारांमध्ये न कापता दुमडून बसते. विशेषतः लसूण घासाची कोवळी, लवचिक काडी. ट्रॅक्टर दबतोय असं वाटतं, एचपी कमी पडते असं वाटतं, आणि खरा दोष क्लिपचा असतो.

वेगही पाळा. पट्टीच्या मिनिटाला १,६०० हालचाली आणि ताशी ६ किलोमीटर धरले तर एका हालचालीत ट्रॅक्टर सव्वासहा सेंटिमीटर पुढे जातो. पात्याची रुंदी साडेसात सेंटिमीटर. म्हणजे ६ च्या वर गेलात की पात्याला पुरेसा वेळ मिळत नाही आणि खुंट उंच-सखल राहतो. घाई असेल तर पट्टी बदलून धार लावायचा वेळ वाचवा, गिअर वाढवू नका. दोन पट्ट्या ठेवायच्या : एक चालू, एक धार लावलेली. दाट घासात चार तासांनी बदलली की ट्रॅक्टरचा आवाजच हलका होतो.

हत्ती गवत या हिशोबातून बाजूला काढा. ते सरीवर लावलेलं असतं, तीन-तीन फुटांवर. सरी-वरंब्यात बार किंवा ड्रम दोन्ही वरंब्याला टेकतात, मातीत शिरतात, आणि सरीतल्या बाजूला हातभर खुंट राहतो. शिवाय तीन-चार वर्षांचा ठोंब लाकडासारखा टणक झालेला असतो. बोटाएवढ्या जाडीची खोडं कटर बारच्या दातांत अडकतात आणि रिव्हेट उडतात. दोन एकरांत जेवढं हत्ती गवत आहे ते रोज लागेल तेवढंच कापायचं असतं, त्याला पाठीवरचा ब्रश कटर किंवा विळाच बरा. जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर ठेवून कापा, ठोंब जास्त वर्षं फुटतो. मशीननेच कापायचं असेल तर पुढच्या लावणीत सरी न पाडता सपाट रानात लावा.

माळाचा जो भाग दहाला दोनपेक्षा जास्त आडवा उतरता असेल तिथे मिनी ट्रॅक्टर नेऊच नका. त्याची दोन चाकांमधली रुंदी जेमतेम एक मीटर असते. सौम्य उतारावर आडवं चालायची वेळ आलीच तर बार वरच्या बाजूला येईल अशी दिशा धरा, खालच्या बाजूला बार असला की तो ट्रॅक्टरला उतारावर ओढतो.

कुसळी गवत असेल तर कुसळ पिकायच्या आधी, फुलोऱ्यातच कापा. पिकलेलं कुसळ जनावराच्या हिरड्यांत रुततं. पण परतीचा पाऊस निघून गेल्याशिवाय कापूही नये. दोन्ही सांभाळायला ऑक्टोबरमध्ये चार-पाच कोरडे दिवस गाठावे लागतात, आणि म्हणूनच मशीन एका दिवसात कापणारं हवं. दव उतरल्यावर, नऊ-साडेनऊनंतर सुरुवात करा. ओलं गवत बारवर चिकटतं. ७५ टक्के ओल असलेलं १,००० किलो गवत १५ टक्के ओलीपर्यंत वाळवलं की २९४ किलो होतं. गंजी लावताना पेंढीचा गाभा हातात पिळून पाहा, काडी कडकन मोडली पाहिजे. ओलसर वाटली तर अजून एक ऊन द्या, नाहीतर गंजी आतून तापते.

ड्रम मोवरच हवा असेल तर गावातल्या दूध संस्थेचे चार-पाच सभासद मिळून ४५ एचपीवाल्याच्या ट्रॅक्टरला एकच १.६५ मीटरचा घ्या. तसा घेतला तर तपासणी अशी. रिकामा फिरवून पीटीओ ५४० वर लावा, मग सर्वांत दाट पट्ट्यात २०-२५ मीटर कापा आणि मीटरकडे लक्ष ठेवा. ४९० च्या खाली गेला तर एक गिअर उतरवा. उतरवूनही घसरत असेल तर आधी पाती, मग चार व्ही-बेल्टचा ताण बघा. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. जळक्या रबराचा वास आला की ताण सैल आहे किंवा बेल्टवर तेल आलंय. दोन ड्रमच्या मधोमध कापायची राहिलेली शेंडी दिसली तर पाती झिजली आहेत, किंवा तुम्ही पात्याच्या मानाने जोरात जाताय.

पाती बदलताना एका ड्रमची तिन्ही एकदम बदला. एकच नवं बसवलं तर वजनात फरक पडून ड्रम थरथरतो आणि वरचं बेअरिंग जातं. डाव्या-उजव्या ड्रमची पाती वेगळ्या वळणाची असतील तर ती अदलाबदल होऊ देऊ नका. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबी शिरलेल्या हव्यात. मोवर सर्वांत वर उचलला असताना आणि वळणावरही टोकाला २-३ सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. ते राहत नसतील तर शाफ्ट कापून घ्या, नाहीतर पहिल्याच बांधावर पीटीओचं बेअरिंग दाबलं जातं.

ड्रमच्या बाजूचा कॅनव्हासचा पडदा फाटका असेल तर आधी तो शिवून घ्या. कापणी चालू असताना ५० मीटरांच्या आत माणूस किंवा जनावर येऊ देऊ नका. पीटीओ बंद केल्यावरही ड्रम काही वेळ फिरतच राहतो. तो पूर्ण थांबलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत आणि ट्रॅक्टरची चावी खिशात पडेपर्यंत पडदा वर करायचा नाही.